प्रिंटर घेताना ड्रायव्हर विचारा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालयाच्या आसपास टंकलेखनाची, झेरॉक्सची आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारी लहान लहान दुकाने आहेत. मोमिनपुरा, हंसापुरी, जाफरनगर या वस्त्यांतही प्रत्येक मोठ्या रस्त्यावर असे एखादे दुकान दिसते. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, हजचा अर्ज, पासपोर्टची वेळ घेणे, आधारच्या ठशावर पैसे काढून देणे अशी तेथील कामे असतात. या दुकानाचे भांडवल म्हणजे एक संगणक, एक प्रिंटर, एक स्कॅनर आणि बोटाचा ठसा घेणारे एक छोटे यंत्र. अर्जाच्या शेवटच्या तारखेला यातले एक जरी अडले तरी दिवसाची रोजी बुडते आणि समोरच्या गरजूचे काम राहते ते वेगळेच.

अशा वेळी दुकानदार म्हणतो, यंत्र बिघडले. तो यंत्र उचलून सीताबर्डीला किंवा धंतोलीला दुरुस्तीसाठी नेतो. पुष्कळदा असे निघते की यंत्र ठणठणीत आहे, गडबड ड्रायव्हरची आहे. दुकान टाकताना गाळ्याची पागडी, भाडे, फर्निचर, टोनर आणि कागद यांचा हिशेब आपण मांडतो. ड्रायव्हर यंत्राबरोबर फुकट मिळतो म्हणून तो कोणाच्याच हिशेबात येत नाही. या लेखात त्याचाच हिशेब मांडायचा आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय?

नाव ड्रायव्हर असले तरी त्याचे काम दुभाष्याचे आहे. नागपूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. एकाच बाजारात मराठी, हिंदी आणि उर्दू बोलणारी गिऱ्हाइके येतात आणि तिन्ही भाषा जाणणारा नोकर गल्ल्यावर असला की सौदा अडत नाही. संगणकातील विंडोज ही एक भाषा बोलते, कॅननचा प्रिंटर दुसरी आणि ठशाचे यंत्र तिसरी. विंडोजने सांगितलेले त्या यंत्राच्या भाषेत पोहोचवणारे आणि यंत्राचे उत्तर परत आणणारे सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. यंत्र बदलले, विंडोज बदलली किंवा विंडोजची बिट्सची जात बदलली की दुभाष्याही बदलावा लागतो. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येते.

मात्र हा दुभाष्या साध्या नोकरासारखा बाहेरच्या खोलीत बसत नाही. बरेचसे ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, तिजोरीच्या खोलीत जाऊन काम करतात. तिथे चूक झाली तर फक्त प्रिंटर बंद पडत नाही, सबंध संगणक निळा पडदा दाखवून थांबतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल तिच्या गाभ्यातील ड्रायव्हरपर्यंत पोहोचली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक त्यामुळे अडले, आणि भारतात विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. यावरून एवढे ध्यानात यावे की ड्रायव्हर कोणाच्या हातून घ्यायचा हा लहानसहान प्रश्न नाही.

जुन्या काळी ही गोष्ट अधिकच किचकट होती. डॉसच्या जमान्यात वर्डस्टारला प्रिंटरचा वेगळा ड्रायव्हर लागे आणि लोटसला वेगळा. त्यातून मार्ग निघाला तो एप्सनमुळे. एप्सनच्या प्रिंटरची आज्ञांची भाषा इतकी रूढ झाली की इतर कंपन्यांनी आपल्या प्रिंटरला तीच शिकवली. टीव्हीएसच्या एमएसपी मालिकेतील डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला एप्सनचा ड्रायव्हर चालतो तो याच कारणाने. वाडीकडच्या ट्रान्सपोर्ट कार्यालयांत कार्बनच्या तीन-चार प्रतींची बिल्टी काढायला डॉट मॅट्रिक्सच लागतो. त्याचा मूळ ड्रायव्हर हरवला तर घाबरू नये, प्रिंटरच्या पुस्तिकेत तो एप्सनच्या कोणत्या मॉडेलची नक्कल करतो ते दिलेले असते. विंडोजमध्ये ते मॉडेल निवडावे.

मराठीची गोष्ट आणखी वेगळी. देवनागरी पडद्यावर आणि कागदावर आणण्यासाठी आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट कार्ड डॉसच्या काळात संगणकात बसवावे लागे. आता ते लागत नाही, पण त्या अडचणीची एक सावली उरली आहे. पुष्कळ दुकानदार वेग मिळावा म्हणून बिलाच्या प्रिंटरला 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' नावाचा ड्रायव्हर लावतात. इंग्रजी बिल झटकन निघते, मराठी मात्र प्रश्नचिन्हे होऊन बाहेर पडते. हा ड्रायव्हर फक्त साधी अक्षरे पाठवतो, देवनागरी त्याला चित्र म्हणून पाठवता येत नाही. बिलावर दुकानाचे नाव मराठीत हवे असेल तर त्या थर्मल प्रिंटरचा खरा ड्रायव्हरच घालावा आणि त्यात कागदाची रुंदी ५८ मिलिमीटर की ८० मिलिमीटर हे बरोबर निवडावे. रुंदी चुकली की रकमेचा रकाना कापला जातो आणि दोष प्रिंटरला लागतो.

आधी तपासा, मग उतरवा

ड्रायव्हर शोधण्याआधी खरोखर तोच दोषी आहे का हे पाहावे. सर्वांत जास्त फसवणारी तक्रार म्हणजे 'प्रिंटर ऑफलाइन'. होते असे की झाडलोट करताना यूएसबीची तार निघते आणि ती दुसऱ्या खाचेत लावली जाते. विंडोज तो नवीन प्रिंटर समजते आणि यादीत त्याच नावापुढे 'कॉपी १' असे लिहून दुसरी नोंद करते. छपाईचे काम मात्र जुन्याच नोंदीकडे जात राहते. तार पुन्हा पहिल्या खाचेत लावली किंवा नवी नोंद मुख्य म्हणून निवडली की काम भागते. एवढ्यासाठी कोणी काही शे रुपये घेत असेल तर ते कष्टाचे नव्हे, आपल्या अज्ञानाचे घेतो. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे रांगेत अडकलेले काम. सर्व्हिसेसच्या यादीतून प्रिंट स्पूलर थांबवून त्याच्या फोल्डरमधील अडकलेल्या फाइली पुसल्या आणि तो पुन्हा सुरू केला की रांग मोकळी होते.

हे करूनही काम झाले नाही तर डिव्हाइस मॅनेजर उघडावा. ज्या यंत्रावर पिवळे चिन्ह असेल त्यावर दोनदा टिचकी मारली की एक सांकेतिक क्रमांक दिसतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर घातलेलाच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण यंत्र सुरू होत नाही. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरवरील सही विंडोजला पटलेली नाही. तंत्रज्ञाला फोन करताना 'चालत नाही' असे सांगण्याऐवजी हा क्रमांक सांगितला तर त्याचा अर्धा तास आणि आपले पैसे वाचतात.

कधी कधी 'अननोन डिव्हाइस' एवढेच दिसते. यंत्रावरची पट्टी पुसलेली असते, मॉडेल माहीत नसते. तेव्हा त्याच खिडकीत डिटेल्समध्ये जाऊन 'हार्डवेअर आयडी' पाहावा. यूएसबीवरील प्रत्येक यंत्र आपल्या कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक संगणकाला सांगते. कंपनीचा क्रमांक ०३एफ० असेल तर एचपी, ०४ए९ असेल तर कॅनन, ०४बी८ असेल तर एप्सन. पट्टी खोटी लावता येते, पण हा क्रमांक सहसा खरे बोलतो. सहसा म्हणण्याचे कारण पुढे येईल.

उतरवण्याची जागा एकच धरावी, ती म्हणजे यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ. शोधयंत्रात प्रिंटरचे नाव आणि पुढे 'ड्रायव्हर' असे लिहिले की वरच्या ओळी बहुधा जाहिरातींच्या असतात. त्यांच्यावर कंपनीचे चिन्ह असते, हिरवे मोठे डाउनलोडचे बटण असते आणि हाती येतो तो 'ड्रायव्हर अपडेटर' नावाचा प्रकार. तो संगणक तपासल्याचे नाटक करतो, अनेक ड्रायव्हर जुने झाल्याचे लाल अक्षरांत सांगतो आणि वर्षाची वर्गणी मागतो. माझे मत स्पष्ट आहे, लहान दुकानदाराला असल्या सॉफ्टवेअरची कसलीही गरज नाही. प्रिंटर व्यवस्थित छापत असेल तर त्याचा ड्रायव्हर नवा करण्याची घाई करू नये. सुरक्षेची दुरुस्ती असेल किंवा विंडोज बदलली असेल तरच बदलावा.

याहून वाईट प्रकार फोनचा. त्या खोट्या पानावर मदतीचा क्रमांक दिलेला असतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो, संगणक दुरून चालवण्याचे सॉफ्टवेअर घालायला सांगतो आणि 'दहा रुपये नोंदणी शुल्क' भरण्याच्या निमित्ताने बँकेचा तपशील टिपून घेतो. ज्या संगणकावर आपण लोकांचे आधार क्रमांक आणि बँक पासबुके स्कॅन करतो तो दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे गिऱ्हाइकांची अमानत उघड्यावर टाकणे होय. असे घडलेच तर इंटरनेटची तार आधी काढावी, बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. उशीर केला तर रक्कम अडवता येण्याची आशा कमी होत जाते.

कंपनीची स्वतःची फाइल असली तरी डोळे मिटून उघडू नये. टी-शर्टवर छपाई करणारे प्रिंटर विकणाऱ्या प्रोकलर्ड या चिनी कंपनीच्या अधिकृत सॉफ्टवेअरमध्येच व्हायरस असल्याचे मे २०२५ मध्ये जर्मनीच्या जी डेटा या सुरक्षा कंपनीने उघड केले. त्यातला एक संगणकात मागचा दरवाजा उघडणारा होता, तर दुसरा आभासी चलनाच्या व्यवहारात पत्ता बदलून पैसे पळवणारा. एका परीक्षकाच्या अँटिव्हायरसने आधीच इशारा दिला होता आणि कंपनीने तो चुकीचा इशारा असल्याचे सांगितले होते. तेव्हा अँटिव्हायरस ओरडत असताना 'तो बंद करून ड्रायव्हर घाला' असे कोणी सांगितले तर ऐकू नये. फाइलवर उजवी टिचकी देऊन प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' पाहिले की तिच्यावर कोणाची सही आहे ते दिसते. सही नसेल किंवा भलत्याच नावाची असेल तर फाइल पुसून टाकावी.

घालण्यापूर्वी विंडोजचा 'रिस्टोअर पॉइंट' करून ठेवावा. नवा ड्रायव्हर मानवला नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक'ची सोय आहे. यूएसबीच्या अनेक प्रिंटरांचा नियम असा की आधी सॉफ्टवेअर घालावे आणि ते सांगेल तेव्हाच तार जोडावी. खोक्यावर हे ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि खोके उघडताना तोच कागद आधी फेकला जातो.

ठशाचे यंत्र

सेवा केंद्रांना सर्वांत जास्त रडवते ते बोटाच्या ठशाचे यंत्र. मंत्रा, मॉर्फो, स्टारटेक ही नावे येथील प्रत्येक केंद्रचालकाला पाठ आहेत. या यंत्राला नुसता ड्रायव्हर पुरत नाही. आधार प्राधिकरणाने २०१७ मध्ये 'नोंदणीकृत उपकरणां'ची पद्धत आणली. तेव्हापासून ड्रायव्हरच्या जोडीला 'आरडी सर्व्हिस' नावाचे दुसरे सॉफ्टवेअर लागते. ते ठशाला जागेवरच कुलूप घालते, म्हणजे सांकेतिक रूप देते, आणि उपकरण नोंदणीकृत असल्याची खात्री पटवते. त्याची मुदत असते आणि मुदत संपली की पैसे भरून ती वाढवावी लागते.

यातली खोच अशी की यंत्राचा दिवा लागतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह नसते, तरी संकेतस्थळ 'डिव्हाइस नॉट रेडी' म्हणते. केंद्रचालक पुन्हा पुन्हा ड्रायव्हर घालत राहतो. वास्तविक आरडी सर्व्हिसची मुदत संपलेली असते, किंवा संगणकाचे घड्याळ मागे पडलेले असते, किंवा अँटिव्हायरसने ती सर्व्हिस अडवलेली असते. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील गोल बॅटरी संपली की रोज सकाळी तारीख मागे जाते. अशा वेळी शंभर रुपयांच्या आतल्या त्या बॅटरीपायी ठशाचे यंत्र बदलणारेही असतात. म्हणून आधी तारीख-वेळ पाहावी, मग सर्व्हिसेसच्या यादीत आरडी सर्व्हिस चालू आहे का ते पाहावे, मग कंपनीच्या पानावर आपल्या यंत्राचा अनुक्रमांक टाकून मुदत तपासावी. ड्रायव्हरला हात सर्वांत शेवटी लावावा.

जुने यंत्र विकत घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. पहिल्या पिढीच्या, म्हणजे 'एल शून्य' दर्जाच्या यंत्रांत ठशाला कुलूप संगणकावरील सॉफ्टवेअर घालते. 'एल एक' दर्जाच्या यंत्रात ते काम यंत्राच्या आतील सुरक्षित चिपमध्ये होते. दुसरी पद्धत अधिक भरवशाची म्हणून पहिल्या प्रकारची यंत्रे बाद करण्याचे धोरण प्राधिकरणाने घेतले. मंत्राचे एमएफएस १०० हे पहिल्या प्रकारचे आणि एमएफएस ११० हे दुसऱ्या. स्वस्तात मिळाले म्हणून १०० घेणाऱ्याला जगातला कोणताही ड्रायव्हर आता मदत करू शकत नाही.

कळमन्याचा काटा

ड्रायव्हरचा प्रश्न केवळ सेवा केंद्रांचा नाही. कळमन्याच्या बाजारात, इतवारीच्या धान्य दुकानांत आणि धरमकाट्यांवर इलेक्ट्रॉनिक काट्याचे वजन थेट संगणकावर घेण्याची सोय असते. काट्याच्या मागे नऊ टाचण्यांची जुन्या पद्धतीची सीरियल खाच असते. नव्या संगणकाला ती नसते, म्हणून मध्ये यूएसबी ते सीरियल अशी तार घ्यावी लागते. बाजारात ती अगदी स्वस्तातही मिळते आणि चांगली महागही मिळते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

फरक आतल्या चिपमध्ये असतो. तैवानच्या प्रोलिफिक कंपनीची पीएल २३०३ ही चिप इतकी खपली की तिच्या नकला निघाल्या. वर हार्डवेअर आयडी 'सहसा' खरे बोलतो असे म्हटले ते यामुळे, कारण नकली चिपही ०६७बी हा प्रोलिफिकचाच क्रमांक सांगते. कंपनीने आपल्या नव्या ड्रायव्हरमध्ये नकला आणि बंद केलेल्या जुन्या चिपा ओळखून त्यांना नकार देण्याची व्यवस्था केली. परिणामी विंडोजने रात्री आपोआप ड्रायव्हर नवा केला की सकाळी कोड १० येतो, किंवा ही चिप २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याला भेटा, अशा अर्थाची ओळ दिसते. काटा तोच, तार तीच, पण बाहेर ट्रक उभे आणि पावती निघत नाही.

स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीने तर २०१४ साली याहून पुढची मजल मारली. विंडोज अपडेटमधून गेलेल्या तिच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. त्या तारा मग कोणत्याच संगणकावर ओळखल्या जाईनात. बोभाटा झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. नकला करणाऱ्यांबद्दल कोणाला कळवळा असण्याचे कारण नाही. पण शिक्षा भोगली ती ज्याला नकल कशाशी खातात हे माहीत नव्हते अशा गिऱ्हाइकाने, आणि हे मला न्यायाचे वाटत नाही.

तातडीचा उपाय असा की डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर' निवडून संगणकावरील यादीतून जुनी आवृत्ती घ्यावी. बहुधा जुनी आवृत्ती संगणकात पडून असते आणि काटा पुन्हा बोलू लागतो. पण पुढच्या अपडेटला तेच होणार, म्हणून कायमचा उपाय चांगली तार हाच. विकत घेताना दुकानदाराला चिप कोणती ते विचारावे. अस्सल एफटीडीआयची तार महाग पडते. चीनच्या नानजिंगमधील कंपनीची सीएच ३४० ही चिप स्वस्त असून तिचा ड्रायव्हर सहज मिळतो. तार बदलल्यावर कॉम पोर्टचा क्रमांक बदलतो हे लक्षात ठेवून तो आणि वेगाचा आकडा, जो काट्याच्या पुस्तिकेत २४०० किंवा ९६०० असा काही दिलेला असतो, वजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने भरावा.

विंडोज १० गेल्यानंतर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार बंद केला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्यांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची ठरली. ज्यांचा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही त्यांना नवा घ्यावा लागतो आणि मग जुन्या प्रिंटरचा प्रश्न उभा राहतो.

आपल्याकडे एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे दोन प्रिंटर इतके पसरले की त्यांचे टोनर भरून देणे हाच एक स्वतंत्र धंदा झाला. दोन्ही स्वस्त होते, कारण त्यांनी पान तयार करण्याचे बरेचसे काम संगणकावर टाकले. एचपी १०२० तर इतका परावलंबी की त्याला स्वतःची बुद्धीही साठवता येत नाही, प्रत्येक वेळी वीज आली की ड्रायव्हर त्याच्यात ती नव्याने भरतो. यंत्र लोखंडासारखे टिकाऊ, पण त्याचा जीव संगणकातल्या फाइलीत. ६४ बिट ड्रायव्हर असल्याने नेहमीच्या इंटेल किंवा एएमडीच्या नव्या संगणकावर हे प्रिंटर चालवता येतात. पण स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा लॅपटॉप घेतला तर हेच ड्रायव्हर तेथे चालत नाहीत, त्या जातीसाठी वेगळे बनवावे लागतात आणि इतक्या जुन्या प्रिंटरसाठी ते कोणी बनवीत नाही. लॅपटॉप विकणारा हे आपणहून सांगेल अशी अपेक्षा धरू नये.

पुढचा रोखही स्पष्ट आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की प्रिंटर कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने थांबवले जाईल. २०२७ पासून तेथून फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्याच मिळतील असे धोरण आहे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घेण्यास मनाई नाही, पण 'तार जोडा, विंडोज आपोआप शोधेल' ही सवय जुन्या प्रिंटरांच्या बाबतीत सोडावी लागेल. आणि जुन्या मॉडेलचे पान कंपनी किती वर्षे ठेवील हे कंपनीच्या मर्जीवर असते.

म्हणून आज चालू असलेल्या संगणकातील ड्रायव्हर आजच काढून ठेवावेत. विंडोजमध्येच पीएनपीयुटिल नावाचे साधन आहे, एका आज्ञेत ते बाहेरून घातलेले सर्व ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये उतरवते. तो फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यावा, त्यावर प्रिंटरचे मॉडेल, विंडोजची आवृत्ती आणि तारीख लिहावी आणि पेनड्राइव्ह दुकानाच्या परवान्याच्या फाइलीत ठेवावा. संगणक फॉरमॅट करायला देण्यापूर्वी त्यात नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर आहे ना हे आवर्जून पाहावे. नाहीतर फॉरमॅट झाल्यावर इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरत नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट चालत नाही, असा फेरा सुरू होतो. मोडेमच्या दिवसांत लोक यात अडकत आणि वाय-फायच्या दिवसांतही अडकतात. मोबाइल यूएसबीच्या तारेने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला देणे हा त्यातून सुटण्याचा सोपा रस्ता.

नवा प्रिंटर घेणाऱ्याने किंमत आणि टोनरचा खर्च विचारल्यावर तिसरा प्रश्न विचारावा, हा ड्रायव्हरशिवाय छापतो का? ज्या प्रिंटरवर मोप्रिया किंवा एअरप्रिंटची खूण असते तो एका सामायिक भाषेत बोलतो. विंडोजचा अंगभूत ड्रायव्हर त्याला पुरतो आणि मोबाइलवरूनही छपाई होते. केंद्रात तीन संगणक आणि एक प्रिंटर असेल तर असा प्रिंटर थेट राउटरला जोडावा. एका संगणकाला जोडून बाकीच्यांशी वाटून घेण्याची जुनी पद्धत २०२१ मधील 'प्रिंटनाइटमेअर' या सुरक्षा दोषानंतर कटकटीची झाली. त्या दोषावरील दुरुस्त्यांनंतर अशा वाटलेल्या प्रिंटरांवर ११बी ने संपणारी चूक अनेकांनी पाहिली असेल.

विदर्भ कॉम्प्युटर अँड मीडिया डीलर्स वेल्फेअर असोसिएशनचे कॉम्पेक्स प्रदर्शन नागपुरात भरते तेव्हा कंपन्यांचे प्रतिनिधी स्वतः स्टॉलवर असतात. खरेदी करायची नसली तरी आपल्या प्रिंटरचे मॉडेल आणि ठशाच्या यंत्राचा अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून न्यावा आणि तेथे विचारावे की विंडोज ११ चा ड्रायव्हर कंपनीच्या कोणत्या पानावर आहे. ते पान त्यांच्याच समोर आपल्या मोबाइलवर उघडून साठवून घ्यावे.